नातवंडांच्या पालकत्वाचा आदेश मिळेपर्यंत

ऑगस्ट 2024 मध्ये न्यायालयाने मला माझ्या दोन नातवंडांची कायदेशीर पालक म्हणून नेमले. वकिलांकडे पहिल्यांदा गेल्यापासून आदेशाची प्रत हातात पडेपर्यंत सव्वा वर्षाहून अधिक काळ गेला. आमच्या मंडळीतच (म्हणजे आमच्या चर्चमध्येच) आई-वडिलांविना नातवंडे सांभाळणाऱ्या आणखी काही आज्या आहेत, आणि इंदूरच्या मराठी वस्तीतही अशी घरे थोडी नाहीत. या मार्गाने जावे लागणाऱ्या कोणालाही पुढचे पाऊल कोणते, किती थांबावे लागेल आणि किती पैसे बाजूला ठेवावे लागतील याचा अंदाज यावा, म्हणून जे घडले ते क्रमाने लिहीत आहे.

आमचे कुटुंब मूळचे नगरकडचे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम इंदूरला 1877 साली सुरू झाले आणि 1887 साली त्यांनी येथे ख्रिश्चन कॉलेज काढले. त्याच मिशनच्या एका शाळेत माझे सासरे शिक्षक म्हणून आले आणि आम्ही इंदूरचेच झालो. मी स्वतः शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. माझी सून 2019 मध्ये कर्करोगाने गेली. फेब्रुवारी 2023 मध्ये माझा मुलगा रात्री जेवून झोपला तो सकाळी उठला नाही. तेव्हा नात अकरा वर्षांची होती आणि नातू सहा वर्षांचा.

अंत्यविधीनंतरच्या दिवसांत घर माणसांनी भरलेले होते. मंडळीतील स्त्रिया आळीपाळीने डबे आणत होत्या, मंडळीचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, रोज संध्याकाळी येऊन प्रार्थना करून जात होते. मुलांचे दूध, दप्तर, परीक्षा हे सर्व माझ्याकडे आहे, यात कोणालाच काही विचारण्यासारखे वाटत नव्हते. सून गेल्यापासून निम्मे काम मीच करीत होते.

पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) त्या वर्षी 9 एप्रिलला होता. तो झाल्यावर मी मुलाच्या कपाटातील फाइली काढून बसले. तो एका खासगी कारखान्यात नोकरीला होता, त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी, त्याला जोडलेला विमा आणि पेन्शन असे तीन दावे करायचे होते. नामनिर्देशन मात्र पत्नीच्या नावाने होते आणि ते बदलायचे राहून गेले होते. चौकशी केल्यावर कळले की कर्मचारी पेन्शन योजना 1995 मध्ये आई-वडील दोघेही नसलेल्या मुलांसाठी वेगळे अनाथ पेन्शन आहे. ते विधवा पेन्शनच्या 75 टक्के असते, एका वेळी दोन मुलांना मिळते आणि वयाच्या 25 वर्षांपर्यंत चालू राहते. हे अनेक घरांना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहिते. मुले अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, असल्यामुळे त्यांच्या वतीने दावा कोण करणार, हा प्रश्न लगेच पुढे आला, आणि त्याचे उत्तर न्यायालयाने नेमलेला पालक असे होते.

त्याच आठवड्यात मी मुलांच्या नावाने खाते उघडण्यासाठी एका बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलाने दोन्ही मृत्यूचे दाखले पाहिले, मुलांचे आधार कार्ड पाहिले, माझे पाहिले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अम्माजी, आप तो सिर्फ दादी हैं." त्याचा हेतू वाईट नसावा, परंतु ते वाक्य मला लागले. घरी येऊन मी स्वयंपाकघरात बराच वेळ उभी राहिले. ज्या मुलाला मी जन्म दिला त्याच्या मुलांच्या बाबतीत मी 'सिर्फ' काही तरी आहे, ही गोष्ट मनाला पटेना.

कायद्याने मात्र तो खरेच बोलत होता. मंडळीतील एका कुटुंबाची मुलगी वकिली करते. तिने मला शांतपणे समजावून सांगितले. आई आणि वडील हेच नैसर्गिक पालक. आजी-आजोबा कितीही वर्षे सांभाळत असले तरी ते आपोआप पालक होत नाहीत. हिंदूंसाठी 1956 चा वेगळा कायदा आहे, आपल्याला तो लागू नाही. आपला अर्ज 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली जातो, आणि मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात तो करायचा असतो. आमच्या बाबतीत ते इंदूरचे कुटुंब न्यायालय होते. दुसरी गोष्ट तिने सांगितली ती मालमत्तेविषयी. ख्रिस्ती लोकांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 लागू आहे. मृत्युपत्र नसेल आणि मुले असतील तर आईला मुलाच्या मालमत्तेत वाटा नसतो. म्हणजे मुलाच्या नावाचा फ्लॅट हा दोन्ही मुलांचा समसमान, आणि मी त्याची केवळ राखणदार. मला त्यातले काही नको होते, पण हे नेमकेपणाने कळल्यामुळे अर्जात व्यक्ती (म्हणजे मुलांचा सांभाळ) आणि मालमत्ता या दोन्हींचे पालकत्व मागायचे हे ठरले. मालमत्ता नसेल तर व्यक्तीचे पालकत्व पुरते.

येथे एक सावधगिरीची गोष्ट. न्यायालयाच्या आवाराबाहेर स्टॅम्प पेपरवर 'पालकनामा' करून देणारे लोक भेटतात. नोटरीचा शिक्का असला तरी त्या कागदाने कोणी पालक ठरत नाही.

हे सर्व कळूनही माझे मन अर्ज करायला तयार होत नव्हते. देवाने जी मुले माझ्या पदरात घातली ती मी पुन्हा न्यायाधीशांकडे का मागावीत, आणि मागितली तर तो माझ्या विश्वासातील उणेपणा ठरतो का, असे विचार येत. पाळकसाहेबांपाशी मी हे बोलले. त्यांनी मला उपदेश केला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "बाई, उद्या धाकट्याला दवाखान्यात भरती करावे लागले आणि सही कोणाची म्हणून विचारले, तर काय कराल?" त्या रात्री कौटुंबिक प्रार्थनेनंतर मी वकीलबाईंना फोन केला.

कागदपत्रे जमवण्यात मे आणि जून गेले. दोघांचे जन्माचे दाखले, सून व मुलगा यांचे मृत्यूचे दाखले, सर्वांची आधार कार्डे, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), शाळेचे बोनाफाइड, माझ्या निवृत्तिवेतनाचा कागद, बँकेचे पासबुक, फ्लॅटची रजिस्ट्री आणि माझे वैद्यकीय प्रमाणपत्र एवढे लागले. अडचण नावांची आली. नातीच्या जन्माच्या दाखल्यावर वडिलांचे नाव आडनावाशिवाय होते आणि शाळेत आडनावासह. सुनेचे माहेरचे नाव एका ठिकाणी आणि सासरचे दुसऱ्या ठिकाणी. येथे मंडळीची जुनी नोंदवही उपयोगी पडली. पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातील उतारा स्वतः लिहून, सही-शिक्क्यासह दिला. त्यात मूल, आई, वडील आणि धर्ममातापिता या सर्वांची पूर्ण नावे एका ओळीत होती. त्या वहीत मुलाचा विवाहही नोंदलेला होता आणि त्याखाली त्याची स्वतःची सही होती, किंचित उजवीकडे चढत गेलेली. मी ती पाहत राहिले तेव्हा पाळकबाई उठून चहा करायला गेल्या. उतारा हा जन्माच्या दाखल्याची जागा घेत नाही, परंतु ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत अशा शपथपत्राला त्याचा चांगला आधार मिळतो.

अर्जात मुलांचा जन्मदिनांक, धर्म, राहण्याचे ठिकाण, मालमत्ता आणि जवळच्या नातेवाइकांची नावे-पत्ते द्यावे लागतात. पालक होण्यास मी तयार आहे असे वेगळे घोषणापत्र लागते, आणि त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. माझ्या साक्षीदार पाळकबाई आणि आमच्या शेजारच्या वहिनी होत्या. वहिनी रोज सकाळी गणपतीला दूर्वा वाहून मग दार उघडतात आणि मुले शाळेतून लवकर आली तर त्यांना आपल्याकडे जेवू घालतात. त्यांनी सही करताना चष्मा पुसून पूर्ण कागद वाचला.

जवळच्या नातेवाइकांत सर्वात महत्त्वाचे होते माझे व्याही आणि विहीणबाई. त्यांची हरकत असती तर प्रकरण लांबले असते, पण मला त्याहून मोठी काळजी त्यांच्या मनाची होती. मेच्या सुट्टीत मी मुलांना घेऊन नगरला गेले. विहीणबाईंना वाटत होते की नात मोठी होत आहे, तिने त्यांच्याकडे राहावे, आणि धाकट्याने माझ्याकडे. त्यांची एकुलती मुलगी गेली होती. त्यांचे म्हणणे मला अयोग्य कसे वाटावे? दुपारी आम्ही दोघी चिंच निवडत बसलो होतो, तेव्हा मी म्हटले, "विहीणबाई, मी तुमच्याकडून काही काढून घ्यायला आले नाही. कागदावर नाव माझे लागेल, पण सुट्टी तुमच्याकडे, नाताळ एक वर्षाआड तुमच्याकडे, आणि पोरीचा फोन दर रविवारी." त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाल्या, "दोघांना वेगळं करू नका म्हणजे झालं." दुसऱ्या दिवशी व्याही स्वतः नोटरीकडे गेले आणि दोघांची ना-हरकत शपथपत्रे घेऊन आले. ज्यांना हा अर्ज करायचा आहे त्यांनी दुसऱ्या बाजूच्या आजी-आजोबांशी आधी स्वतः जाऊन बोलावे. न्यायालयाची नोटीस ही त्यांना मिळालेली पहिली बातमी असू नये.

जुलै 2023 मध्ये अर्ज दाखल झाला. वकीलबाईंनी 25,000 रुपये फी घेतली, तीही हप्त्यांत. शपथपत्रे, नोटरी, छायाप्रती आणि तलवाना (नोटीस बजावण्याचे शुल्क) मिळून अडीच हजारांच्या आसपास लागले. पुढे वृत्तपत्रातील जाहीर सूचनेचे 3,800 रुपये झाले. ज्यांना एवढे शक्य नाही त्यांच्यासाठी सांगते: 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा असतो. मला हे फी ठरल्यावर कळले.

न्यायालयाने सुनावणीची तारीख दिली आणि नोटिसा निघाल्या. या नोटिशीची एक प्रत न्यायालयाच्या इमारतीत लावतात आणि एक मूल राहते त्या घरावर. हे मला वकीलबाईंनी सांगितले होते, परंतु मुलांना कसे सांगावे हे मी ठरवीत होते, तोवर एका दुपारी न्यायालयाचा माणूस येऊन दाराच्या चौकटीशेजारी कागद चिकटवून, शेजारच्यांची सही घेऊन गेला. मी पेन्शनच्या कामाला बाहेर होते. नात शाळेतून आली, तिने तो कागद उभ्या उभ्या वाचला. मी परतले तेव्हा ती पायरीवर बसली होती. "आजी, आपल्या दारावर माझं नाव कोणी लावलं? आम्हांला कोणी घेऊन जाणार आहे का?" मी तिच्या शेजारी पायरीवरच बसले आणि तिला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सर्व अर्थ सांगितला. अर्जदार म्हणजे आजी, आणि ही नोटीस कोणाची हरकत असेल तर त्याने येऊन सांगावे यासाठी आहे, हे कळल्यावर तिने विचारले, "मग कोणाची आहे हरकत?" कोणाचीही नाही म्हटल्यावर ती आत जाऊन हातपाय धुऊन जेवली. मुले वाचण्याच्या वयाची असतील तर नोटीस लागण्याआधीच त्यांना सर्व सांगून ठेवावे.

त्या रात्रीपासून धाकट्याने आपल्या प्रार्थनेत एक वाक्य जोडले: "आणि जज काकांना आशीर्वाद दे." जज बाई आहेत हे पुढे कळल्यावर त्याने ते 'जज मॅडम' असे दुरुस्त केले.

यानंतरचा काळ वाट पाहण्याचा होता. वृत्तपत्रात सूचना छापून तिची प्रत सादर केली, हरकतीची मुदत संपू दिली. नोव्हेंबर 2023 मध्ये विधानसभेच्या निवडणुका होत्या, त्या दिवसांत सरकारी कार्यालयांतील माणसे निवडणुकीच्या कामात होती आणि शाळेकडून, महानगरपालिकेकडून हवे असलेले कागद हळू मिळाले. तारखेला सकाळी साडेदहाला जाऊन बसायचे, आवाज लागला की आत जायचे, पुढची तारीख लिहून घ्यायची, आणि मुले शाळेतून येण्याआधी घरी पोहोचायचे. बरोबर पाण्याची बाटली, डबा आणि एक जाड फाइल असावी. फाइलमध्ये प्रत्येक मूळ कागदाशेजारी त्याच्या तीन प्रती असाव्यात. न्यायालयातील भाषा हिंदी आणि त्यातही दस्तऐवजी हिंदी. 'आवेदिका' (अर्जदार स्त्री), 'अवयस्क' (अज्ञान मूल), 'संरक्षक' (पालक) हे शब्द ओळखीचे करून घेतले म्हणजे घाबरायला होत नाही.

याच काळात मी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजनेसाठी अर्ज केला. मध्य प्रदेशात आई-वडील नसलेल्या आणि नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांना या योजनेतून अठरा वर्षांपर्यंत दरमहा 4,000 रुपये मिळतात. चौकशीसाठी एक समाजसेविका घरी आल्या, मुलांचे अभ्यासाचे टेबल, झोपण्याची जागा पाहिली, मुलांशी बोलल्या.

फेब्रुवारी 2024 मध्ये माझी साक्ष झाली. मुख्य साक्ष शपथपत्रावर असते, ती आधीच दिली होती, परंतु न्यायाधीशबाईंनी स्वतः काही प्रश्न विचारले. घर कोणाचे, उत्पन्न किती, मुलांना सकाळी कोण उठवते, धाकट्याला कोणती लस राहिली आहे का. मग त्यांनी कागदावरून नजर काढून विचारले, "आप अड़सठ की हैं. आपके बाद?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होते. तो मी स्वतःला रोज रात्री विचारीत होते. तरीही भर न्यायालयात, परक्या तोंडून तो ऐकताना घसा कोरडा पडला. धाकटा अठरा वर्षांचा होईल तेव्हा मी एकोणऐंशी वर्षांची असेन. मी म्हटले की माझे आयुष्य परमेश्वराच्या हाती आहे, पण मुलांची व्यवस्था मी त्याच्यावर ढकलून मोकळी झालेली नाही. माझी मुलगी, म्हणजे मुलांची आत्या, पुण्याला असते आणि मला काही झाल्यास दोघांनाही एकत्र सांभाळण्याची तिची आणि जावयांची तयारी आहे. तसे दोघांचे शपथपत्र वकीलबाईंनी त्याच वेळी सादर केले. न्यायाधीशबाईंनी ते पूर्ण वाचले. वय झालेल्या प्रत्येक अर्जदाराने हा कागद अर्जासोबतच तयार ठेवावा, आणि तो देणाऱ्या माणसाशी खर्च, शाळा, घर या सर्वांबद्दल आधी स्पष्ट बोलून घ्यावे. मुलीने तेव्हा फोनवर मला सांगितले होते की तिने सासरी सर्वांना बसवून हे बोलून घेतले आहे. त्या एका वाक्याने मला जितका धीर दिला तितका दुसऱ्या कशानेही दिला नाही.

मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायालय त्याची इच्छाही विचारात घेऊ शकते. एप्रिलमध्ये मुलांना बोलावले. न्यायाधीशबाईंनी त्यांना आपल्या खोलीत घेतले. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. काय बोलणे झाले हे मी त्यांना विचारले नाही. धाकट्याने आपण होऊन सांगितले की डब्यात काय असते असे मॅडमनी विचारले आणि त्याने "पोहे, आणि शनिवारी आजीच्या हातची पुरणपोळी" असे सांगितले. नात एवढेच म्हणाली, "मी सांगितलं, आम्ही दोघं जिथे आहोत तिथेच बरे आहोत."

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर अंतिम युक्तिवाद झाला आणि ऑगस्टमध्ये आदेश झाला. प्रमाणित नकलेसाठी लगेच अर्ज केला. एकदम चार प्रती मागितल्या, कारण प्रत्येक कार्यालय मूळ नक्कल पाहायला मागते. आदेश मिळाल्यावर तो घरी नेऊन नीट वाचावा. नावांचे स्पेलिंग, जन्मदिनांक, फ्लॅटचा क्रमांक यांत चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज लगेच करता येतो.

आदेशाबरोबर बंधनेही येतात. न्यायालयाच्या परवानगीशिवाय मला मुलांचा फ्लॅट विकता किंवा गहाण ठेवता येणार नाही. मालमत्तेची आणि मिळालेल्या पैशांची यादी सहा महिन्यांच्या आत सादर करण्यास मला सांगण्यात आले. शिवाय न्यायालयाने नेमलेल्या पालकाने पाल्याला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेण्यास परवानगी लागते. आमची मुले सुट्टीत नगरला आणि पुण्याला जातात, म्हणून वकीलबाईंनी मूळ अर्जातच तशी सर्वसाधारण परवानगी मागून ठेवली होती आणि ती आदेशात मिळाली. अर्जाचा मसुदा होतानाच याची आठवण वकिलांना करून द्यावी.

भविष्यनिर्वाह निधी आणि विम्याची रक्कम नोव्हेंबर 2024 मध्ये मुलांच्या नावे जमा झाली, आणि अनाथ पेन्शन नव्या वर्षात सुरू झाले. बहुतेक रक्कम दोघांच्या नावे वेगवेगळ्या मुदतठेवींत ठेवली आहे. पहिल्या पेन्शनच्या महिन्यात आम्ही मंडळीत उपकारस्तुतीचे दान दिले; ते मी माझ्या पेन्शनमधून दिले, कारण मुलांचा पैसा दानासाठीही माझ्या हातून खर्च होऊ नये असे मला वाटते. हिशेबाच्या वहीत डाव्या बाजूला नातीचा आणि उजव्या बाजूला नातवाचा खर्च लिहिते, आणि दर महिन्याच्या शेवटी नात बेरीज तपासते. ती अठरा वर्षांची झाली की तिच्या बाबतीतले माझे पालकत्व कायद्याने संपेल आणि तिच्या वाट्याचा हिशेब तिच्या हाती द्यावा लागेल, म्हणून पावत्या महिन्यावार पाकिटांत घालून ठेवते.